बंद नोंदवहीतले कुत्रे

पिल्लू विकणारा आवर्जून सांगतो, "पेपर्स आहेत." घेणाऱ्यालाही तेवढं ऐकलं की बरं वाटतं. कुत्र्यांच्या जातींची आणि वंशावळींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचा शिक्का, पिल्लाचं लांबलचक नोंदलेलं नाव, आई-बापांची, आजी-आजोबांची, पणजोबांची नावं आणि त्यांतल्या दोघा-तिघांपुढे चँपियन ही पदवी. एवढं सगळं नीट छापून हातात आलं की कुत्रा निरोगी, चांगल्या वाणाचा, भरवशाच्या स्वभावाचा असणार, असं आपण न बोलता धरून चालतो. त्या कागदावर मात्र यातलं काहीच लिहिलेलं नसतं. अमुक नर आणि तमुक मादी यांचं हे पिल्लू, आणि ते दोघंही याच जातीचे म्हणून आमच्या वहीत आहेत, एवढीच ग्वाही केनेल क्लब देतो. अमेरिकन केनेल क्लब तर स्वतःच सांगतो की नोंदणी म्हणजे कुत्र्याच्या आरोग्याची किंवा दर्जाची हमी नव्हे.

ही भूमिका आता पुरेशी नाही, असं माझं ठाम मत आहे. कुणाची नोंद घ्यायची आणि कुणाची नाही, हे ज्याच्या हातात असतं तो नुसता कारकून राहत नाही. कोणत्या कुत्र्यांची वीण पुढे चालणार, कोणतं रक्त आत येणार आणि कोणतं कायमचं बाहेर राहणार, हे त्याच्याच नियमांवर ठरतं. दोन्ही पालक नोंदलेले असतील तरच पिल्लाची नोंद, हा नियम कित्येक पिढ्या पाळला गेला आणि त्याची किंमत कुत्र्यांनी आपल्या हृदयाने, मूत्रपिंडाने, श्वासाने मोजली. तो नियम बदलायला हवा. कसून पारखलेल्या बाहेरच्या कुत्र्यासाठी नोंदवहीत वाट ठेवायला हवी आणि आतल्या कुत्र्याच्या संततीची नोंद आरोग्य तपासणीच्या अटीवरच व्हायला हवी. केनेल क्लब मोडीत काढावेत असं मी म्हणत नाही. दुसऱ्या कोणत्याही पाळीव प्राण्याच्या बाबतीत सामान्य माणसाच्या हाती इतकी जुनी, इतकी तपशीलवार वंशावळ क्वचितच असते. हे भांडार मोलाचं आहे, म्हणूनच त्याचा वापर कसा होतो याची चिंता वाटते.

या संस्था उभ्या राहिल्या त्यामागे खरी गरज होती. १८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. आजच्या डॉग शोची परंपरा तिथून मोजतात. पुढच्या दशकात अशी प्रदर्शनं ठिकठिकाणी भरू लागली आणि गोंधळ वाढला. एकाच नावाचे कितीतरी कुत्रे, बाप कोण याचा पत्ता नाही, नियम जागोजागी वेगळे. सेवॅलिस शर्ली या खासदाराने १८७३ मध्ये लंडनला काही मंडळींना जमवून 'द केनेल क्लब' स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी पहिलं स्टड बुक, म्हणजे वंशावळींची नोंदवही, प्रसिद्ध झाली. अमेरिकन केनेल क्लब १८८४ चा. १९११ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स इथल्या संस्थांनी मिळून एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. जगातल्या बऱ्याच देशांचे केनेल क्लब आज तिच्याशी जोडलेले आहेत आणि तिच्या यादीत साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत.

सुरुवातीच्या त्या वह्या बंद नव्हत्या, हे आज सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या पिढीतल्या अनेक कुत्र्यांच्या नोंदीत आई-बाप अज्ञात असत. कुत्रा त्या जातीसारखा दिसतो, प्रदर्शनात टिकतो, एवढं पुरत असे. दार नंतर मिटत गेलं आणि हळूहळू बंद दारालाच शुद्धतेचा मान मिळाला. आज ज्या जातीला प्राचीन म्हणून गौरवलं जातं, तिच्या वहीतल्या पहिल्या पानांवरचे कुत्रे आजच्या नियमात बसलेच नसते.

त्याच १८७३ साली, लंडनपासून दूर वेल्समधल्या बाला इथे, मेंढरं वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा झाली. ब्रिटनमधली अशा स्पर्धेची ही पहिली नोंद. वेल्समध्ये राहणारे स्कॉटिश मेंढपाळ जेम्स थॉमसन आणि त्यांचा कुत्रा ट्वीड यांनी ती जिंकली. तिथे कुत्र्याचे कान कसे आहेत, पाठीची रेषा कशी आहे, याला काडीचं महत्त्व नव्हतं. मेंढरं शांतपणे गोळा करून आणतो की नाही, एवढंच बघायचं होतं. या परंपरेतून १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी उभी राहिली. तिचीही नोंदवही आहे, तिथेही वंशावळी काटेकोरपणे ठेवतात. फरक एवढाच की वंशावळ नसलेल्या कुत्र्यालाही तिथे येण्याची वाट ठेवलेली आहे. आपलं काम सिद्ध करायचं, डोळ्यांची तपासणी करून घ्यायची आणि मग गुणवत्तेवर नोंद मिळवायची. बॉर्डर कॉली ही मेंढपाळाच्या कामातली सगळ्यात तरबेज जात याच वहीतून घडली.

इथेही सगळं निर्दोष नाही. १८९३ मध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प हा नर इतका नावाजला की आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉलीच्या वंशावळीत तो सापडतो. एका गाजलेल्या नराकडून भरमसाट पिल्लं घेण्याचा मोह मेंढपाळांनाही आवरला नाही. पण काम हा निकष असल्यामुळे आजारी, अडखळत चालणारा, अंध होत चाललेला कुत्रा आपोआप मागे पडत गेला. १९९५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने बॉर्डर कॉलीला पूर्ण मान्यता दिली, तेव्हा सगळ्यात मोठा विरोध या कुत्र्यांना कामाला लावणाऱ्या लोकांनीच केला. निकष दिसण्यावर गेला की कुत्रा बदलतो, ही त्यांची भीती होती. इतर जातींकडे पाहिलं तर ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. जर्मन शेफर्डची नोंदवही १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी सुरू केली, होरांड नावाच्या कुत्र्याला पहिला क्रमांक दिला आणि उपयुक्तता हाच या जातीचा प्राण आहे असं आयुष्यभर बजावलं. आज त्याच जातीत प्रदर्शनासाठी वाढवलेले आणि कामासाठी वाढवलेले कुत्रे शेजारी उभे केले तर एकाच जातीचे म्हणायला जीव धजत नाही.

बंद वहीचं गणित समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा प्रश्न तिथे आहे. वही बंद झाली त्या दिवशी आत जेवढे कुत्रे होते, तेवढीच त्या जातीची जनुकीय पुंजी. ती पुढे वाढत नाही, फक्त घटते. प्रत्येक पिढीत काही कुत्र्यांना पिल्लं होतच नाहीत आणि त्यांच्याकडचं वेगळेपण त्यांच्याबरोबर संपतं. त्यात प्रदर्शन जिंकलेल्या एका नराकडे सगळ्यांची रीघ लागते, आणि त्याच्यात लपलेला एखादा सदोष जनुक दोन-तीन पिढ्यांत जातभर पसरतो. तो जनुक एकट्याने बहुधा काही करत नाही. दोन्ही बाजूंनी आला की आजार उमटतो. नातेवाइकांच्या विणीत तो दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते, एवढं साधं हे कारण आहे.

२००८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी ब्रिटिश केनेल क्लबच्याच नोंदी घेऊन दहा जाती तपासल्या. हजारो कुत्रे असलेल्या या जातींची परिणामकारक संख्या, म्हणजे जनुकांच्या हिशेबाने उरलेला कळप, दोन जाती सोडल्या तर ४० ते ८० इतकीच भरली. तीन जाती वगळता बाकी सगळ्यांनी सहा पिढ्यांत आपले ९० टक्क्यांहून अधिक दुर्मिळ जनुकीय प्रकार गमावले होते. रानात एखाद्या प्राण्याचे एवढेच जीव उरले असते तर त्याला वाचवायला जगभर धावपळ झाली असती. आणि हे कळलं कशामुळे? त्याच नोंदवह्यांमुळे. पिढ्यानपिढ्यांची नावं जपून ठेवली नसती तर हा हिशेब मांडताच आला नसता. म्हणून मी वही टाकून द्या म्हणत नाही, तिच्यात लिहिलेलं वाचा म्हणतो.

ज्या गोष्टीने माझं मत पक्कं झालं ती डाल्मेशियनची आहे. कुत्र्यांचं शरीर युरिक ॲसिडचं रूपांतर ॲलँटॉइन नावाच्या सहज विरघळणाऱ्या पदार्थात करतं आणि ते लघवीवाटे जातं. डाल्मेशियनमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे नीट होत नाही. लघवीत युरिक ॲसिड साठतं, त्याचे खडे होतात. नराची मूत्रनलिका अरुंद असल्याने खडा अडकला की लघवी तुंबते, आणि वेळेत इलाज झाला नाही तर कुत्रा तडफडून मरतो. हा दोष काही डाल्मेशियनमध्ये असता तर निवड करून तो घालवता आला असता. पण तो वहीतल्या झाडून सगळ्या डाल्मेशियनमध्ये होता, दोन्ही बाजूंनी. चांगला जनुक आत उरलाच नव्हता. जे वहीत नाहीच ते वहीतून निवडणार कसं?

अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये सरळ मार्ग घेतला. डाल्मेशियनचा संकर त्यांनी इंग्लिश पॉइंटरशी एकदाच केला. पुढच्या प्रत्येक पिढीत चांगला जनुक असलेलं पिल्लू निवडून त्याची वीण पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशीच लावली. दर पिढीला पॉइंटरचा वाटा निम्मा होत गेला. काही पिढ्यांतच पिल्लं दिसायला, वागायला सर्वस्वी डाल्मेशियन झाली, फक्त त्यांच्या लघवीत ते ॲसिड साठत नव्हतं. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. त्यावर त्या जातीच्या क्लबातल्या सभासदांनी इतका विरोध केला की पुढच्या नोंदी थांबवल्या गेल्या. आठ-नऊ वर्षं नव्हे, तब्बल तीस वर्षं. २००८ मध्ये तो नेमका जनुक सापडला, तपासणी सोपी झाली. २०१० मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने आणि २०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या वंशातल्या कुत्र्यांना दार उघडलं. तोवर पॉइंटरचा वाटा हजारात एकाहूनही कमी उरला होता.

या तीस वर्षांत किती कुत्र्यांना खडे झाले असतील, किती मालकांनी रात्री-अपरात्री दवाखाना गाठला असेल, याचा विचार केला की राग येतो. उपाय हातात होता. सिद्ध झालेला होता. जातीचं रूप, ठिपके, चाल, यातलं काहीही गमवावं लागणार नव्हतं. विरोध होता तो फक्त एका पूर्वजाच्या नावाला. ज्या कुत्र्याचा खापरपणजोबाच्याही पलीकडचा एक पूर्वज पॉइंटर आहे तो अशुद्ध, आणि ज्याच्या लघवीत जन्मतःच दोष आहे तो शुद्ध. शुद्धतेची ही व्याख्या प्राण्याच्या हिताची नाही.

जातींच्या गटांबद्दलही बोलायला हवं, कारण सामान्य माणूस जातीइतकाच गटावर विसंबतो. एफसीआयने दहा गट केले आहेत: मेंढपाळी कुत्रे एकात, टेरियर दुसऱ्यात, वासावर माग काढणारे तिसऱ्यात, नजरेने शिकार धरणारे वेगळे. डॅक्सहुंडला तर स्वतंत्र गटच दिलेला आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत सात-सात गट आहेत आणि तेही एकमेकांशी जुळत नाहीत. मिनिएचर श्नाउझर घ्या. अमेरिकेत तो टेरियर, ब्रिटनमध्ये युटिलिटी या सरमिसळ गटात, आणि एफसीआयकडे पिन्शर-श्नाउझर गटात. यॉर्कशायर टेरियर एफसीआयकडे टेरियर आहे, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये टॉय. तोच डाल्मेशियन अमेरिकेत 'नॉन-स्पोर्टिंग' आणि एफसीआयच्या यादीत वासावर माग काढणाऱ्यांच्या नातलगांत. मेंढपाळी कुत्र्यांचा वेगळा गट अमेरिकेने १९८३ मध्ये केला. आदल्या वर्षापर्यंत तेच कुत्रे कामकरी गटात होते. कुत्रे बदलले नव्हते. प्रदर्शनाची सोय बदलली होती.

प्रदर्शनाच्या व्यवस्थेसाठी गट हवेत, त्याला माझी हरकत नाही. शे-दोनशे जाती एका दमात कशा उभ्या करणार? अडचण सुरू होते ती गटाचं नाव म्हणजे स्वभावाचा दाखला समजला जातो तेव्हा. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी माहिती दिली आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक वाचले गेले. एकेका कुत्र्याच्या वागणुकीतल्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतात, असं त्यातून दिसलं. काही गुण, उदाहरणार्थ माणसाच्या हुकुमाला मिळणारा प्रतिसाद, जातीशी जास्त जुळतात. चटकन चिडण्याचा जातीशी संबंध फारच कमी निघाला. प्राचीनतेच्या दाव्यांचंही तेच. फेरो हाउंड आणि इबिझन हाउंड हजारो वर्षांचे मानले जात. २००४ मध्ये ८५ जातींच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा ते अलीकडच्या काळात नव्याने घडवलेले असावेत असं दिसलं. यात त्या देखण्या कुत्र्यांचा काही उणेपणा नाही. पण जातीभोवती उभ्या केलेल्या कथा आणि नोंदवहीतलं सत्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, आणि ते काम केनेल क्लबांचंच आहे.

बंद वहीच्या जोडीला येतं ते जातीचं मानक. डोकं केवढं, तोंड किती आखूड, कातडी किती सैल, हे लिहून ठेवलेलं वर्णन. परीक्षक त्यावर निवाडा देतात आणि पैदास करणारे बक्षिसाच्या दिशेने जातात. थोडं आखूड तोंड चांगलं तर आणखी आखूड अधिक चांगलं, असं करत बुलडॉग आजच्या अवस्थेला पोचला. ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरियर यांच्या ८० टक्क्यांहून अधिक विणी सिझेरियनने झाल्याचं आढळलं. ज्या जातीची मादी शस्त्रक्रियेशिवाय पिल्लांना जन्म देऊ शकत नाही, त्या जातीच्या वर्णनात काहीतरी मुळातून चुकलेलं आहे. २०१२ मध्ये क्रफ्ट्स या सगळ्यात प्रतिष्ठेच्या प्रदर्शनात पंधरा जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी झाली आणि सहा जातींचे विजेते त्यात अडकले. जातीतला सर्वोत्तम म्हणून ज्याला नुकतंच निवडलं, तोच वैद्याच्या कसोटीला उतरला नाही. परीक्षकाचा डोळा आणि वैद्याचा डोळा किती दूर गेले होते ते त्या दिवशी सगळ्यांसमोर आलं.

मानक बदलता येतं, याचा पुरावा कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात स्वतःच आहे. जुन्या चित्रांतले लांब नाकाचे छोटे स्पॅनियल एकोणिसाव्या शतकात मागे पडले आणि चपट्या नाकाचे किंग चार्ल्स पुढे आले. रॉझवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थांना जुना कुत्रा हवा होता. १९२६ च्या क्रफ्ट्समध्ये त्यांनी जुन्या वळणाच्या स्पॅनियलसाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. वीस वर्षांच्या आत, १९४५ मध्ये, केनेल क्लबने या कुत्र्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद सुरू केली. मनावर घेतलं तर नाक परत लांब करता येतं, एवढं तेव्हाच सिद्ध झालं. दुर्दैवाने जात उभी राहिली ती मोजक्या कुत्र्यांवर, आणि वही पुन्हा बंद झाली. आज हृदयाच्या झडपेचा आजार हा कॅव्हेलियरच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण आहे. दहा वर्षांपर्यंत जगलेल्या जवळपास प्रत्येक कॅव्हेलियरच्या हृदयात दोषाचा आवाज ऐकू येतो. शिवाय मेंदूला कवटी अपुरी पडल्याने मणक्यातल्या मज्जारज्जूत पोकळ्या होण्याचा अतिशय वेदनादायी आजार या जातीत आढळतो.

नॉर्वेमध्ये प्राणिरक्षण संस्थेने हा प्रश्न कोर्टात नेला. प्रतिवादी होते केनेल क्लब, जातींचे क्लब आणि काही पैदास करणारे. २०२२ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने कॅव्हेलियर आणि इंग्लिश बुलडॉग या दोन्हींची पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरोधात असल्याचा निकाल दिला. अपिलात बुलडॉगबद्दलचा निर्णय फिरला, कॅव्हेलियरबद्दलचा टिकला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. नेदरलँड्समध्ये कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा ज्याचं तोंड आखूड आहे अशा कुत्र्याच्या पैदाशीला २०१९ पासून प्रत्यक्ष अटकाव होऊ लागला, आणि २०२० मध्ये तिथल्या केनेल क्लबला आखूड तोंडाच्या बारा जातींच्या नोंदणीवर बंधनं घालावी लागली. नोंदणीच्या टेबलावर जे वेळेत ठरवायला हवं होतं ते न्यायाधीशांना ठरवावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. न्यायालयाचा निकाल बोथट असतो. त्याला जात थांबवता येते, सुधारता येत नाही. सुधारण्याचं काम वहीवाल्यांनाच जमतं.

या सगळ्यावर पैदास करणाऱ्यांचे आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की अटी कडक केल्या तर लोक नोंदणीच सोडतील आणि कसलीही वंशावळ न ठेवता पिल्लं काढणाऱ्यांचं फावेल. भीती खरी आहे. २०२२ मध्ये फ्रेंच बुलडॉग अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत पहिला आला आणि लॅब्रॅडॉरची ३१ वर्षांची आघाडी संपली. ही मागणी कागदावर चालत नाही, फॅशनवर चालते. तरीही या युक्तिवादाचा शेवट काय होतो ते पाहा. बाहेरचे वाईट करतात म्हणून आत अट नको, असं म्हटलं तर आतल्या कागदाची किंमत बाहेरच्या कोऱ्या कागदाएवढीच उरते. लोक नोंदणीला मान देतात तो तिच्यामागे काही पारख असेल या विश्वासाने. तो विश्वास सार्थ करणं हाच नोंदणी टिकवण्याचा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप संकराविरुद्धचा: संकरित कुत्रेही आजारी पडतात, मग जाती मोडून काय मिळणार? संकरित कुत्रा आपोआप निरोगी असतो असं मीही मानत नाही. दोन जातींतले दोष सारखेच असतील तर त्यांच्या पिल्लाला ते मिळतीलच, आणि तपासणी न केलेल्या दोन कुत्र्यांची गोड नावाखाली विकलेली पिल्लं हा वेगळाच धंदा आहे. पण जाती मोडाव्यात अशी मागणी इथे कुणी करत नाही. डाल्मेशियनच्या बाबतीत एक संकर झाला आणि जात शाबूत राहिली. बसेंजी या आफ्रिकी जातीत मूत्रपिंडाचा फँकोनी हा आजार बळावला, तेव्हा १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने आफ्रिकेतून आणलेल्या कुत्र्यांसाठी वही काही काळ उघडली. जात बुडाली नाही, तिला नवं रक्त मिळालं. तिथे वही उघडता आली तर इतरत्रही येते, हा आग्रह मी त्यामुळेच धरतो.

तिसरं म्हणणं असं की केनेल क्लब ही हौशी लोकांची संस्था, तिच्यावर एवढी जबाबदारी का? कारण ती अधिकार गाजवते. ब्रिटनमध्ये २००८ साली बीबीसीने शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या आजारांवर माहितीपट दाखवला, देशभर संताप उसळला, आणि २००९ पासून केनेल क्लबने बाप-लेक, आई-मुलगा, सख्खी भावंडं यांच्या विणीतली पिल्लं नोंदवणं बंद केलं. एका नियमाने एक जुनी प्रथा थांबली. ज्याला एवढं जमतं त्याला आपण फक्त नोंद ठेवतो असं म्हणता येत नाही. तो नियम त्याआधी शंभर वर्षं का झाला नाही, हा प्रश्न मात्र उरतो.

काय करता येतं ते उत्तर युरोपात दिसतं. फिनलंडच्या केनेल क्लबची पेविसा नावाची योजना १९८० च्या दशकापासून चालू आहे. जातीला लागू असलेल्या तपासण्या आई-बापांच्या झाल्या नसतील तर पिल्लांची नोंद होत नाही, आणि काही जातींत एका नराकडून किती पिल्लं घ्यायची यालाही मर्यादा आहे. स्वीडनच्या क्लबने प्रत्येक जातीसाठी पैदाशीचं लिखित धोरण ठरवायला लावलं. कुठल्या जातीत नेमकं काय बिघडलंय आणि ते कसं सुधारायचं, हे त्या जातीच्या क्लबला मांडावं लागतं. फिनलंडमध्ये क्रोमफोरलँडरसारख्या अगदी लहान पायावर उभ्या असलेल्या जातीत दुसऱ्या जातीचं रक्त आणण्याचे अधिकृत प्रकल्प हाती घेतले गेले आहेत. नॉर्वेनेही आपल्या लुंडेहुंडसाठी, ज्याच्या आतड्यांचा आजार जातभर पसरला आहे, तोच मार्ग धरला. या देशांत केनेल क्लब ओस पडले नाहीत.

एफसीआयच्या जातिवर्णनांच्या शेवटी एक वाक्य छापलेलं असतं: पैदाशीसाठी फक्त कार्यक्षम आणि वैद्यकीयदृष्ट्या निरोगी कुत्रेच वापरावेत. ते वाक्य अटीच्या रूपात नोंदणीच्या अर्जावर यायला हवं. कोणत्या जातीसाठी कोणती तपासणी, हे पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठरावं. नितंबाच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी १९६६ पासून अमेरिकेत संस्थात्मक पातळीवर होते आहे, हृदयाच्या आणि डोळ्यांच्या तपासण्याही रुळलेल्या आहेत, शेकडो आजारांसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. एका नराच्या पिल्लांना मर्यादा घालावी. जातीची जनुकीय पुंजी ठरावीक पातळीच्या खाली गेली की बाहेरचा कुत्रा आणण्याचा प्रकल्प जातीच्या क्लबाच्या मर्जीवर सोडू नये, तो बंधनकारक करावा. डाल्मेशियनची तीस वर्षं गेली ती सभासदांच्या मर्जीत गेली.

आणि एक गोष्ट तर उद्याच करता येईल. आई-बापांचं नातं किती जवळचं आहे हे सांगणारा आकडा, अंतःप्रजननाचा गुणांक, केनेल क्लबांना संगणकावर क्षणात काढता येतो. ब्रिटिश केनेल क्लबने २०११ पासून तो बघायची सोय केलेली आहे, पण तो बघायला मुद्दाम शोधत जावं लागतं, आणि पिल्लू बघून भुललेला माणूस शोधत जात नाही. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांचा हा आकडा २५ टक्के येतो, चुलत-मामे भावंडांच्या पिल्लांचा सव्वासहा. कुणालाही समजेल असं हे मोजमाप आहे. वंशावळीच्या त्याच कागदावर, आई-बापांच्या नावांखाली, हा आकडा आणि त्या दोघांच्या तपासण्यांचे निकाल छापायला नवा कायदा लागत नाही. केनेल क्लबच्या एका ठरावाने ते पुढच्या विणीपासून सुरू होऊ शकतं.